वरीलप्रमाणे

मुलीनं परवा सीताबर्डीवरून एक कॅसेट आणली. माझ्यासमोर ठेवून म्हणाली, "बाबा, हे तुमच्या वेळचं गाणं ना? 'उजळली वाट'. दुकानदार म्हणाला, जुनं आहे."

मी चष्मा चढवून कव्हरवरची बारीक अक्षरं वाचली. बारीक अक्षरं वाचायची सवय मला उशिरा लागली, पण लागली ती पक्की लागली. नाव तेच होतं. गाणं मात्र नवं, गायिका नवी, शब्द नवे, साथीला सिंथेसायझर. दुकानदारानं नाव ऐकलं असेल आणि बाकीचं धरून चालला असेल. त्याला बोलण्याचा अधिकार मला नाही.

"या नावाची ही तिसरी," मी म्हणालो.

"तिसरी? मोजून ठेवलंय तुम्ही?"

"काय मोजलेलं नाही ते विचार त्यांना," तिची आई स्वयंपाकघरातून म्हणाली.

खरं आहे ते. आमच्या जिन्याला सतरा पायऱ्या आहेत. हापशाच्या एकवीस दांड्यांत मोठी बादली भरते, उन्हाळ्यात सव्वीस लागतात. मला हे मुद्दाम लक्षात ठेवावं लागत नाही. दुपारी दोघी झोपल्यावर मी पलंगाखालची लोखंडी पेटी ओढली आणि तळातली वही काढली. लाल कापडी पाठीची, लांबट, दोनशे पानांची वही. त्यांतली एकोणीस पानंच लिहिलेली आहेत. उघडल्याबरोबर वास आला. कागदाचा होता, डांबरगोळ्यांचा होता, आणि त्याच्या खाली अगदी पुसट असा लाखेचा. शेवटचा बहुतेक माझ्या मनातला असावा. वहीला लाखेचा वास राहण्याचं काही कारण नाही.

सहाव्या पानावर माझ्याच अक्षरात आहे. अनुक्रमांक सदतीस, 'उजळली वाट'. त्याखाली अनुक्रमांक अडतीस, 'वरीलप्रमाणे'.

साठचं दशक संपत आलं होतं तेव्हा. मी वीस वर्षांचा होतो, कॉमर्सला होतो. प्रताप नगरात आमच्या ओळीला अकरा घरं होती आणि घरांपेक्षा मोकळे प्लॉट जास्त. त्या प्लॉटांत पावसाळ्यात तरोटा माजायचा आणि उन्हाळ्यात नुसती वाळकी काटकं उभी राहायची. ओळीतलं चौथं घर देशकर सरांचं. सर शाळेतून निवृत्त झालेले. त्यांच्याकडे चावीचा ग्रामोफोन होता. दर रविवारी सकाळी आठ वाजता तो व्हरांड्यात, जाजमाच्या मधोमध येऊन बसायचा. त्या बैठकीला आम्ही 'श्रवण मंडळ' म्हणत होतो. सभासद चौदा. नियम एकच होता. मंडळात येताना प्रत्येकानं निदान दोन रेकॉर्डी जमा करायच्या आणि मग सगळ्यांच्या सगळ्यांनी ऐकायच्या.

त्या रविवारांची आठवण मला आधी नाकानं येते. कोपऱ्यावरच्या टपरीतून तर्री-पोह्यांचा वास यायचा. सरांच्या खिडकीला वाळ्याची ताटी होती, तिच्यावर पाणी मारलं की व्हरांड्याचा तेवढा कोपरा थंड व्हायचा आणि उशिरा येणारे बरोबर तिथंच घुसायला पाहायचे. तपकिरी कागदाच्या पाकिटातून रेकॉर्ड निघाली की तिला लाखेच्या बांगड्यांसारखा वास असायचा, ऊन लागलेल्या बांगड्यांसारखा. सर जुन्या धोतराच्या मऊ फडक्यानं ती पुसायचे. गोल गोल, एकाच दिशेनं. मग चावी. चावीचे अडतीस फेरे मारले की एक बाजू पूर्ण वाजायची. पस्तीस मारले तर शेवटच्या कडव्यात गायक पेंगायला लागायचा. फेरे मोजण्याचं काम माझ्याकडे होतं. नंतर सुई. पत्र्याच्या चपट्या डबीत सुया असायच्या, प्रत्येक बाजूला नवी लावायची. वापरलेली सुई सर टाकत नसत. ती आगपेटीत जायची. कशासाठी, ते त्यांनी कधी सांगितलं नाही.

सुई टेकल्यावर गाणं सुरू होईपर्यंत चार-पाच सेकंदांची खरखर असते. त्या खरखरीत सगळे खोकून घ्यायचे. तसं गप्प बसणं मी नंतर कुठं पाहिलेलं नाही.

त्या वर्षी 'उजळली वाट' हे भावगीत फार गाजत होतं. चांदणं, नदीकाठ, ती येते आहे, असं काहीतरी. लग्नात तेच, गणपतीत तेच, रेडिओवर आठवड्यातून तीनदा तेच. सरांनी स्वतःची म्हणून ती रेकॉर्ड जमा केली होती, आणि ती दर रविवारी लागायचीच.

मेश्राम काका मंडळात त्याच सुमारास आले. ओळीतलं नववं घर त्यांचं. रामदासपेठेतल्या एका ऑफिसात ते नकाशे काढायचे. बोटांना काळ्या शाईचा डाग कायमचा. माणूस कमी बोलणारा, बोललाच तर हळू. छप्पन साली दीक्षा घेतलेल्यांपैकी त्यांचं घर. घरात ते आणि काकू दोघंच. काकूंचा आवाज गेलेला होता. घशाचं मोठं दुखणं झालं, त्यातून त्या उठल्या, आवाज उठला नाही. बोलायच्या तेव्हा नुसता श्वास ऐकू यायचा, कोरड्या कागदावरून हात फिरवल्यासारखा. जवळ गेलं तर शब्द कळायचे. हे ओळीत सगळ्यांना माहीत होतं. त्याच्या आधी तो आवाज कसा होता, हे कोणी विचारलेलं नव्हतं.

काकांनी दोन रेकॉर्डी आणल्या, सरांच्या हातात दिल्या आणि म्हणाले, "एक बजारातली हाय सर. एक घरची हाय."

"हो हो, ठेवा," सर म्हणाले.

घरची म्हणजे घरात होती ती. मलाही तसंच वाटलं.

पुढच्या आठवड्यात सरांनी आणि मी सगळ्या रेकॉर्डींची नोंद करायला घेतली. कल्पना माझी होती, याचा मला तेव्हा अभिमान होता. मी वहीत रकाने आखले. अनुक्रमांक, गाण्याचं नाव, कंपनीचा नंबर, गायक, जमा करणाऱ्याचं नाव आणि शेवटी 'किती वेळा लावली'. सर गठ्ठ्यातून एकेक काढून वाचत होते, मी लिहीत होतो. सरांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरलेला. मोठी अक्षरं त्यांना दिसायची, बारीक दिसायची नाहीत. नंबर आणि गायक मी स्वतः उचलून पाहायचो. सदतिसावी सरांची भावगीताची होती. तिचं सगळं भरलं.

"उजळली वाट," सर पुन्हा म्हणाले.

"ती लिहिली, सर."

"लिहिली ती माझी. ही मेश्रामांची. जोड झाली वाटतं आपल्याकडे."

ऊन वर आलं होतं, घाम टपकून वही ओली होत होती, आणि गठ्ठ्यात अजून बावीस होत्या. मी रेकॉर्ड हातात घेतली नाही. नाव, नंबर, गायक, तिन्ही रकान्यांवरून एकच ओळ ओढावी तसं लिहिलं, वरीलप्रमाणे. फक्त जमा करणाऱ्याच्या रकान्यात मेश्राम लिहिलं. शंभराच्या आसपास नोंदींत एवढ्या एकाच ठिकाणी मी तो शब्द वापरला आहे. बाकी सगळीकडे आकडे आहेत.

मंडळात जोड झालेली रेकॉर्ड ठेवत नसत, बदलून घेत. वाडीहून पुंडलिकभाऊ म्हणून लाऊडस्पीकरवाले यायचे. लग्नं, बारशी, गोदामांतल्या पूजा, सगळीकडे त्यांचा भोंगा. त्यांना 'उजळली वाट' कुठंच मिळत नव्हती, दुकानात आली की संपायची. सरांनी जोड आहे म्हटल्यावर ते जाजमावर मांडी घालूनच बसले.

"सर, हे द्या मले. बदल्यात सनई देतो. नवी हाय, दोनदाच लावली."

"सनईनं काय करू मी, माझी सगळी लग्नं झाली."

"तुमची झाली ना गा सर, पोट्ट्याचं व्हायचं हाय," माझ्याकडे बोट दाखवून ते म्हणाले, आणि सगळे हसले.

मेश्राम काका त्या दिवशी आले नव्हते. वरची सरांची होती, म्हणून खालची दिली. पाकिटासकट. पुंडलिकभाऊंनी ती सायकलच्या पिशवीत ज्वारीच्या कडब्यात बसवली आणि घंटी वाजवत गेले. मी अडतीस नंबरच्या पुढे लाल शाईनं 'बदली' असं लिहिलं.

दिवाळी झाली. हवा गार झाली, ताटी उतरली, लोक उन्हाच्या बाजूला सरकून बसायला लागले. संत्री आली होती. सरांच्या पत्नी सालं टाकत नसत, व्हरांड्याच्या कठड्यावर वाळत घालायच्या. एका रविवारी मेश्राम काका काकूंना घेऊन आले. काकू पहिल्यांदाच येत होत्या. जरीच्या काठाचं लुगडं नेसल्या होत्या, म्हणजे ठरवून आल्या होत्या. बायका आत बसत, त्या दाराच्या उंबऱ्याशी बसल्या, अर्ध्या आत, अर्ध्या बाहेर.

काका म्हणाले, "सर, आज आमच्या घरची लावा."

"कुठली?"

"'उजळली वाट'."

सर आनंदानं उठले. मी अडतीस फेरे दिले. सुई टेकली. खरखर सुरू झाली आणि काकूंनी पाठ ताठ केली, डोळे जाजमावर लावले. एक हात मांडीवर होता, बोटं उचललेली, ताल धरण्याच्या तयारीत.

भावगीत सुरू झालं. चांदणं, नदीकाठ.

बोटं तशीच वर राहिली. काकू पूर्ण गाणं ऐकत बसल्या, तीन मिनिटं दहा सेकंद. कोणाचं लक्ष नव्हतं, माझं होतं, कारण मी दारासमोर होतो. गाणं संपल्यावर त्यांनी काकांकडे पाहिलं.

काका म्हणाले, "मागल्या बाजूनं असन."

मागच्या बाजूला त्याच गायिकेचं दुसरं गाणं होतं.

"हे नाही सर. हे तुमची हाय. आमची लावा, दुसरी."

"दोन्ही एकच ना, मेश्राम? जोड होती. ती आपण बदलून टाकली."

"एक कशी असन सर? मी सांगतलं होतं तुमाले. घरची म्हटलं होतं."

मग उंबऱ्यापाशी बसलेल्या सरांच्या पत्नीच काकूंकडे पाहून हळू म्हणाल्या, "अगं बाई. घरची म्हणजे, तुमची?"

काकूंनी मान हलवली. मला त्या वेळी समजलं. बायकोचं नाव चारचौघांत घ्यायचं नाही म्हणून माणूस 'घरची' म्हणतो. माझे वडील म्हणत, मामा म्हणत. रोज ऐकलेला शब्द. बाकीच्या आम्ही तेरा जणांनी त्याचा अर्थ घरच्या कपाटातली असा लावला.

गाणं त्यांच्या वस्तीतल्या एका मास्तरांनी लिहिलेलं होतं. काकू तेव्हा तेवीस वर्षांच्या, गायन पार्टीत पुढे गाणाऱ्या. मुंबईच्या एका लहान कंपनीनं त्याची रेकॉर्ड काढली, नंतर ती कंपनी राहिली नाही. काकूंना चार रेकॉर्डी मिळाल्या होत्या. घरं बदलता बदलता तीन फुटल्या. ही चौथी. हे सगळं काका सांगत होते. मध्येच काकूंनी त्यांच्या हाताला स्पर्श करून थांबवलं आणि मला जवळ बोलावलं. मी उंबऱ्याशी बसलो.

"कोनाजवळ हाय आता?" त्यांनी विचारलं.

"वाडीला, पुंडलिकभाऊंकडे. मी आणतो काकू. उद्याच आणतो."

"आन बाबू. माझा आवाज तेवढ्यातच हाय."

सोमवारी कॉलेज बुडवून मी सायकल काढली. वाडीपर्यंत पाऊण तास लागतो, मला चाळीस मिनिटं लागली. पॅडल मारताना माझा हिशेब चालला होता. पोलादी सुईनं लाखेची रेकॉर्ड झिजते. सर म्हणत, शंभरदा वाजली की आवाज बसतो. दिल्याला दहा आठवडे झाले होते. मधे दिवाळी गेली होती, तुळशीची लग्नं लागून माणसांची लग्नं सुरू झाली होती. पुंडलिकभाऊ ती किती वेळा लावत असतील? हे गणित मला जसं येत गेलं तशी सायकल जड होत गेली.

अमरावती रोडवर वाडीच्या पुढे दोन्हीकडे गोदामं. ट्रक उलटे लावलेले, क्लीनर "आन दे, आन दे" ओरडताहेत, डिझेलच्या धुरात मिरच्यांच्या पोत्यांचा ठसका. पुंडलिकभाऊंची खोली एका गोदामाच्या मागे होती, पत्र्याची. दारासमोर दोन भोंगे जमिनीवर पालथे, त्यांवर लहान मुलांचे कपडे वाळत टाकलेले. ते बाजेवर बसून वायरला पट्टी गुंडाळत होते.

मला पाहून म्हणाले, "या गा मंडळवाले! चांगली रेकॉर्ड गळ्यात मारली तुमी लोकायनं!"

"तेच सांगायला आलो, भाऊ. चुकून दिली."

"चुकून? आयका मग. पहिल्याच लग्नात लावली. नवरदेव घोड्यावर, वऱ्हाड दारात, सारे म्हणून राहिले, लावा गा 'उजळली वाट'. मी लावली. न् बाप्पा! ते नदीबिदी काहीच नाही. एक बाई भोंग्यातून अशी खणखणीत सुरू झाली का घोडा थांबला. घोडा, सांगतो ना! नवरदेवाचा मामा म्हणे, हे कोनतं गाणं हाय बे? मी म्हटलं, नाव तर तेच हाय."

"मग बंद केली?"

"करून राहिलो होतो. तर हमालायच्या बाया आल्या आंगावर. काहून बंद करून राहिले, वाजू द्या म्हणे. तवापासून रोज. सकाळी माल उतरायच्या टायमाले एक डाव, जेवनाच्या सुट्टीत एक डाव. लग्नात चार-चार डाव. ते नदीवाली कोणी मागतच नाही इथं."

मी म्हणालो, "भाऊ, ती परत पाहिजे. जिचा आवाज आहे त्या आमच्या ओळीत राहतात. त्यांच्याकडे दुसरी नाही."

पुंडलिकभाऊंचे हात वायरवर थांबले. त्यांनी खोलीकडे तोंड करून हाक मारली, "रुक्मा! आन वं ते."

त्यांची बायको बाहेर आली. हातात फडक्याची पुरचुंडी होती. तिनं ती बाजेवर सोडली. रेकॉर्डचे चार तुकडे होते.

"मंगळवारी झालं," ते म्हणाले. सगळा ठेका गेला होता आवाजातला. "ट्रकच्या मागल्या फाळक्यावर ठेवली होती. डायव्हरले मालूम नाही, त्यानं फाळका सोडला."

"मी टाकू नाही देली," रुक्मा म्हणाली. "बाईचं नाव लिहेल हाय त्याच्यावर."

मी तुकडे जुळवले. बारीक अक्षरं चिरेच्या दोन बाजूंना होती. एकावर 'गोदाव', दुसऱ्यावर 'री मेश्राम आणि पार्टी'. खाली कंपनीचा नंबर. सदतीस नंबरच्या रेकॉर्डच्या नंबरशी त्याचा एकही आकडा जुळत नव्हता. ते वाचायला मला दोन सेकंद लागले.

परतीला सव्वा तास लागला. मेश्रामांच्या दारात सायकल लावली तेव्हा काकू अंगणात तांदूळ निवडत होत्या. काका ऑफिसात होते. मी सूप बाजूला सरकवून पुरचुंडी ठेवली. काकूंनी गाठ सोडली, तुकडे पाहिले, एकावर अंगठा फिरवला. रडल्या नाहीत. मी सगळं सांगितलं, वहीचं, शब्दाचं, फाळक्याचं.

त्यांनी मला खाली वाकायची खूण केली.

"वाजली का तिथं?"

"हो काकू. पाच आठवडे, रोज दोनदा, वर लग्नात. मी मोजलं. सव्वाशेच्या वर होतं."

त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी झालं. आनंद म्हणता येईल, पण मी तो शब्द जपून वापरतो.

"अन् आपल्याकडं?"

मला माहीत होतं. तो रकाना मीच भरत होतो. सदतीस नंबरसमोर शेवटच्या रकान्यात एकतीस आहे. खोटं सांगितलं असतं तर त्यांनी पडताळलं नसतं.

"आपल्याकडे एकदाही नाही," मी म्हणालो.

काकूंनी पुन्हा सूप ओढून घेतलं. चार-पाच खडे काढले. मला वाटलं आता जा म्हणतील.

"मले ने तिथं," त्या म्हणाल्या.

एवढं मी कॅसेट आणलेल्या दिवशी संध्याकाळी मुलीला सांगितलं. ती कॅसेट लावायला गेली होती, तशीच बोट बटणावर ठेवून ऐकत राहिली. म्हणाली, "म्हणजे तुम्ही ते गाणं ऐकलंच नाहीत?" मी म्हणालो, "रेकॉर्डवर नाही." तिनं कॅसेट लावली नाही. मेश्राम काका-काकू आमच्या ओळीतून गेले त्यालाही आता बरीच वर्षं झाली. सरांचा ग्रामोफोन कोणाकडे गेला मला माहीत नाही. मोकळा प्लॉट आता प्रताप नगरात दाखवायलाही नाही. तरोट्याच्या जागी तीन मजले उभे आहेत. त्या रविवारांतलं माझ्याजवळ जे आहे ते म्हणजे एकोणीस पानं, आणि वाडीची एक दुपार. ती वहीत नाही.

पुढच्या रविवारी मंडळाला न जाता आम्ही वाडीला गेलो. काका आणि काकू सायकल रिक्षात, मी मागे सायकलवर. गोदामांना सुट्टी होती, तरी मिरचीचा ठसका होताच. काकूंनी पदर नाकाला लावला. पुंडलिकभाऊंनी बाज झटकली, पुन्हा झटकली, चहा सांगितला, आणि काय बोलावं न सुचून म्हणाले, "वैनी, घोडा थांबला होता बरं." काकूंना हसू आलं. हसू बिनआवाजाचं होतं, खांदे मात्र हलत होते.

रुक्मा दारामागे उभी होती. काकूंनी तिला बोलावून शेजारी बसवलं आणि काहीतरी विचारलं. रुक्माला ऐकू गेलं नाही. काका म्हणाले, "ते म्हणते, तुले येते का गाणं?"

"मले कुठं येते वं बाई. काम करता करता म्हणतो आमी बाया."

"तेच म्हन," काकू म्हणाल्या.

रुक्मानं पुंडलिकभाऊंकडे पाहिलं. ते उठून भोंग्यांमागे जाऊन बसले, न दिसण्यासाठी. मग तिनं पदराचा शेव बोटाला गुंडाळत, मान खाली घालून सुरुवात केली. आवाज जाडसर होता, उन्हातान्हात काम करणाऱ्या बाईचा. मी ते गाणं पहिल्यांदाच ऐकत होतो. आई पहाटे मुलीला घेऊन निघाली आहे, शाळा दूर आहे, कंदील हातात आहे, आणि रस्त्यात उजाडतं. एवढंच गाणं.

उजळली वाट माये, धर माझा हात...

काकूंचा हात मांडीवर ताल देत होता. तो वर गेला. रुक्मा थांबली.

"धर नाही," काकू म्हणाल्या. श्वासच होता तो, पण अंगणात आम्हा सगळ्यांना ऐकू गेला. "सोड. सोड माझा हात."

रुक्मा बिचकली, मग तिनं मान वर केली. "पोट्टीले कोनी हात सोड म्हनते काय वं? रस्त्यानं?"

"म्हनते. कंदील होता तवर धरला. आता उजाडलं ना."

"रेकॉर्डीत तर धरच ऐकू येत होतं."

"घासली असन," काका म्हणाले, आणि माझ्याकडे पाहिलं नाही. त्याबद्दल मी त्यांचा आजही ऋणी आहे.

रुक्मानं पुन्हा सुरू केलं. 'सोड' म्हणाली, पण खाली उतरून, दबकत. हात वर गेला. काकूंनी तळहात उलटा करून हवेत वर नेला. तो शब्द तिथं चढायला हवा होता. तिसऱ्यांदा चढला, पण श्वास पुरला नाही. काकूंनी तिच्या बरगड्यांखाली हात ठेवून श्वास कुठून घ्यायचा ते दाखवलं. चौथ्यांदा रुक्मा हसली आणि सगळं विसरली. "मोठ्या मास्तरीण हायेत तुमी," ती म्हणाली, आणि काकूंनी तिच्या दंडावर हलकी चापट मारली. शेजारच्या खोल्यांतून दोन बाया येऊन उभ्या राहिल्या होत्या. एकीच्या हाताला पीठ होतं. पाचव्यांदा त्याही ओठांतल्या ओठांत म्हणत होत्या. सहाव्यांदा हात वर गेला. सातव्यांदा अर्धा वर गेला.

आठव्यांदा रुक्मानं डोळे मिटून म्हटलं, आणि काकूंचा हात मांडीवर ताल देत राहिला.